गहू, ग्लुटेन, दूध आणि बिघडलेलं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट बिघडलं की पहिला संशय ताटावर येतो. तो बहुतेक वेळा साफ चुकीचाही नसतो. घोटाळा पुढे होतो: संशयित पदार्थ आधी हद्दपार होतो आणि चौकशी नंतर सुरू होते. खालचे बरेचसे प्रश्न त्या उलट्या क्रमातून आलेले आहेत. उत्तरं मी एक रुग्ण म्हणून लिहिली आहेत. मला सीलिअॅक आजार आहे. वाचन भरपूर केलं आहे, पण मी डॉक्टर नाही.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

गव्हाच्या कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली मळत राहा. पांढरं पिठूळ पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो ग्लुटेन. गहू, बार्ली (जव) आणि राय या तीन धान्यांत या कुळातली प्रथिनं असतात. ब्रेड फुगतो, पास्ता शिजताना तुटत नाही, ते त्यांच्यामुळेच.

या प्रथिनांचे काही तुकडे आपल्या पाचकरसांना पूर्ण तोडता येत नाहीत. हे सगळ्यांच्याच पोटात घडतं आणि बहुतेकांचं त्यामुळे काहीही बिघडत नाही. म्हणून ‘ग्लुटेन पचत नाही, म्हणजेच ते विष आहे’ असं सांगणाऱ्या व्हिडिओतलं पहिलं अर्धं वाक्य खरं आणि दुसरं खोटं असतं.

गहू खाल्ला की त्रास होतो. म्हणजे सीलिअॅकच ना?

असेलच असं नाही. गव्हाने होणाऱ्या त्रासामागे निदान चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि चौघांचे उपचारही वेगळे.

सीलिअॅक हा स्वप्रतिकार आजार आहे. ग्लुटेनचे ते न तुटलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात पोचतात, तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्यांच्यात थोडा बदल करतं, आणि विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या तुकड्यांवर चालून जाते. या हल्ल्यात आपलंच लहान आतडं भाजून निघतं. अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नसतो.

गव्हाची अॅलर्जी हे प्रकरण निराळं. ती मिनिटांत किंवा फार तर काही तासांत उमटते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, धाप. तिचा एक चमत्कारिक प्रकार असा, की नुसता गहू खाल्ला तर काही होत नाही आणि खाऊन लगेच पळायला गेलं की माणूस कोसळतो. अॅलर्जीचा संशय असेल तर घरी ‘थोडं खाऊन बघू’ हा प्रयोग करायचा नाही.

तिसरं कारण म्हणजे सीलिअॅक नसलेल्यांची ग्लुटेन संवेदनशीलता. आणि चौथं, जे सगळ्यात जास्त लोकांना लागू पडतं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं: त्रास ग्लुटेनचा नसतोच, गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा असतो. या दोन्हींबद्दल पुढे.

मी तीन महिन्यांपूर्वी गहू सोडला आणि छान वाटतंय. आता तपासणी कशाला?

कारण आता ती तपासणी खोटं बोलण्याची शक्यता आहे. सीलिअॅकची रक्ततपासणी आणि बायॉप्सी या दोन्ही ग्लुटेनमुळे चाललेली लढाई शोधतात. शत्रूच निघून गेला की रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) उतरायला लागतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. त्या नॉर्मलचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

मी हेच केलं होतं. सात महिने गहू बंद, मग तपासणी, मग ‘तुम्हाला काही नाही’, मग पुन्हा निवांत गहू, आणि पुन्हा तेच. शेवटी ठरवून रोज ग्लुटेन खाऊन तपासणी करावी लागली. ते आठवडे मी विसरू म्हणता विसरणार नाही. आधी दोन ट्यूब रक्त दिलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

तुम्ही आधीच सोडला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ग्लुटेन पुन्हा सुरू करावं लागतं. सहसा रोज किमान ३ ग्रॅम, म्हणजे ब्रेडच्या दीड-दोन स्लाइस. सहा ते आठ आठवडे सांगितले जातात, फारच त्रास झाला तर दोन आठवड्यांनंतरही तपासणी करतात. ते झेपणारं नसेल तर जनुकीय चाचणीचा एक आडमार्ग आहे, तो खाली सांगते.

आणि ‘छान वाटतंय मग नाव कशाला हवं’ याचं उत्तर असं: सीलिअॅक असेल तर पथ्य जन्मभराचं आणि कणाकणाचा हिशेब ठेवणारं असतं, शिवाय हाडं, रक्त, थायरॉइड तपासत राहावं लागतं, घरच्यांचीही तपासणी करावी लागते. सीलिअॅक नसेल तर यातलं काहीच करायची गरज नाही आणि अधूनमधून केकचा तुकडा खायला हरकत नाही. या दोन आयुष्यांत फार फरक आहे.

कोणत्या तपासण्या करायच्या?

सुरुवात टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीने (वर आलेल्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची आयजीए प्रकारची प्रतिपिंडं ती शोधते), आणि तिच्याबरोबर रक्तातलं एकूण आयजीए. हे दुसरं बरेचदा राहून जातं. सीलिअॅकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांत मुळात आयजीएच तयार होत नाही. त्यांची पहिली चाचणी अर्थातच निगेटिव्ह येणार. तसं असेल तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या लावतात.

रक्त पॉझिटिव्ह आलं की मोठ्यांमध्ये सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे घेतात. एक तुकडा पुरत नाही, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. त्या भागाच्या (ड्युओडिनमच्या) दुसऱ्या टप्प्यातून चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर टप्प्यातून एक-दोन, अशी पद्धत आहे. एंडोस्कोपी ठरली की ‘सीलिअॅकसाठी बायॉप्सी घेणार आहात ना?’ एवढं विचारायला लाजू नका. मुलांच्या बाबतीत युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए हे प्रतिपिंडही सापडलं, तर बायॉप्सीशिवाय निदान पक्कं करता येतं.

आणि जनुकीय चाचणी?

तिचा उपयोग ‘नाही’ म्हणण्यापुरता. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकांपैकी काहीच नसेल तर सीलिअॅक जवळजवळ नक्की नाही, आणि गहू सोडलेला असला तरी हे उत्तर बदलत नाही. पण ती जनुकं असणं याचा अर्थ फार थोडा: अनेक लोकसमूहांत ३० ते ४० टक्के लोकांकडे ती असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांनाच कधी आजार होतो. ‘जीन पॉझिटिव्ह’ अशा रिपोर्टवरून गहू सोडलेली माणसं मला नेहमी भेटतात.

माझं पोट तर उत्तम आहे. तरी डॉक्टर सीलिअॅक तपासा म्हणतात.

बरोबर म्हणतात. जुलाब, फुगलेलं पोट, खंगलेलं मूल हे जुन्या पुस्तकातलं चित्र. आज मोठ्यांमध्ये हा आजार कितीतरी वेळा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या अॅनिमियातून पकडला जातो. ठिसूळ हाडं, न वाढणारी उंची, तोंडात वारंवार येणारे फोड, यकृताच्या एन्झाइम्सची विनाकारण वाढ, मूल न राहणं, कोपर-गुडघ्यांवर भयंकर खाजणारे पाण्याचे फोड, ही सगळी त्याचीच रूपं असू शकतात. टाइप १ मधुमेह किंवा स्वप्रतिकार थायरॉइड विकार असेल तर शक्यता वाढते. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात कुणाला असेल तर दहात एकापर्यंत जाते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाही. त्रास खरा असतो. कारणाचं नाव चुकलेलं असू शकतं.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की सीलिअॅक नसलेल्या काही आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत इजा न दिसता वारंवार बिघडणारं पोट) रुग्णांना ग्लुटेनने त्रास होतो. ‘ग्लुटेन संवेदनशीलता’ या कल्पनेला त्या अभ्यासाने मोठं बळ मिळालं. मग त्याच गटाने २०१३ मध्ये जास्त काटेकोर प्रयोग केला. ३७ जणांना आधी आंबणारी कर्बोदकं कमी असलेल्या आहारावर ठेवलं. जवळपास सगळ्यांना बरं वाटलं. त्यानंतर लपवून ग्लुटेन दिलं, तर त्याचा असा स्वतंत्र परिणाम दिसला नाही. आपल्याच निष्कर्षाला आपणच धक्का द्यायचा, हे विज्ञानात म्हणतात तितकं सर्रास घडत नाही. म्हणून या गटाबद्दल मला आदर आहे.

२०१८ मध्ये ऑस्लोमधून आलेला अभ्यास आणखी बोलका आहे. आपल्याला ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या, पण सीलिअॅक नसलेल्या ५९ जणांना तीन प्रकारचे म्युस्ली बार दिले: एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. चव सारखी, कोणता कुठला ते कुणालाच माहीत नाही. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, १३ जणांना ग्लुटेनने, आणि २२ जणांना त्या बारने ज्यात काहीच नव्हतं.

त्या २२ जणांना हसू नका. त्रास होणार अशी धास्ती घेऊन बसलेलं आतडं खरंच आवळतं, खरंच फुगतं, खरंच दुखतं. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांची दाट ये-जा आहे, आणि भीती तिथून खाली उतरते. तसंच ते १३ जणही विसरू नका. त्यांच्यातल्या काहींना खरोखरची ग्लुटेन संवेदनशीलता असेल. अडचण अशी की ती दाखवणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. सीलिअॅक आणि अॅलर्जी नाही याची खात्री करायची, ग्लुटेन सोडून सुधारणा होते का बघायचं, आणि पुन्हा देऊन त्रास परततो का तेही बघायचं, एवढाच मार्ग. त्यातली शेवटची पायरी लोक गाळतात.

रक्ताच्या एका थेंबातून दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारी चाचणी करावी का?

पैसे वाचवा. या चाचण्या आयजीजी किंवा आयजीजी४ मोजतात. ही प्रतिपिंडं तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात. म्हणून यादीत नेमके तुमच्या रोजच्या जेवणातलेच पदार्थ लाल रंगात येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, अरे, किती अचूक! अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी असहिष्णुता ओळखण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. केसांच्या तपासणीबद्दल तर बोलायलाच नको.

दूध बाधतं. मला दुधाची अॅलर्जी आहे का?

मोठ्या माणसात बहुधा नाही. दुधाची अॅलर्जी त्यातल्या प्रथिनाशी असते आणि ती मुख्यतः लहान मुलांत दिसते. मोठ्यांचा त्रास सहसा लॅक्टोज या दुधातल्या साखरेचा. ती तोडणारं लॅक्टेज एन्झाइम तान्हेपणी भरपूर असतं आणि नंतर जगातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांत ओसरतं. मोठेपणीही दूध पचणं हा मानवजातीतला अपवाद आहे, हे एकदा ध्यानात आलं की आपल्यात काही बिघाड आहे असं वाटेनासं होतं.

न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. पण हे सगळं प्रमाणावर आहे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसं बाधत नाही. दह्यातलं लॅक्टोज जिवाणूंनी थोडं संपवलेलं असतं आणि तेच जिवाणू उरलेलं पचवायलाही हात लावतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये ते जवळजवळ नसतं. म्हणजे ‘दुग्धजन्य सगळं बंद’ करून कॅल्शियमला मुकायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र महत्त्वाची. लॅक्टेज अंकुरांच्या टोकावर तयार होतं. सीलिअॅकमध्ये किंवा जोरदार जुलाबांनंतर टोकंच झिजलेली असतात, म्हणून दूध बाधायला लागतं. आतडं भरून आलं की अनेकांना ते पुन्हा पचतं. नव्याने दूध पचेनासं झालं असेल तर दुधामागे आणखी कोण लपलंय का, ते बघा.

फॉडमॅप आहार म्हणजे काय? मी दोन वर्षं करतोय.

दोन वर्षं? त्याची कडक पायरी फार तर सहा आठवड्यांची असते.

फॉडमॅप हे आतड्यात आंबणाऱ्या काही छोट्या कर्बोदकांचं एकत्र नाव. गहू, कांदा, लसूण यांतले फ्रुक्टान, कडधान्यांतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातलं लॅक्टोज, मध-सफरचंद-आंबा यांतलं जादा फ्रुक्टोज, आणि शुगर-फ्री च्युइंगगममधलं सॉर्बिटॉलसारखं पॉलिऑल. ही नीट शोषली जात नाहीत, पाणी ओढतात, गॅस करतात. हे निरोगी माणसालाही होतं. आयबीएस असलेल्याचं आतडं त्या ताणाला जास्त संवेदनशील असतं, म्हणून त्याला दुखतं. ही कल्पना मोनॅशमध्येच पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५च्या सुमारास मांडली.

पद्धत तीन पायऱ्यांची. पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत जास्त फॉडमॅप असलेले पदार्थ बाजूला ठेवायचे. फरक पडलाच नाही तर इथेच थांबायचं आणि सगळं पूर्ववत खायचं, हा मार्ग तुमचा नाही. फरक पडला तर दुसरी पायरी: एका वेळी एक गट परत आणायचा, तीन दिवस प्रमाण वाढवत न्यायचं आणि नोंद ठेवायची. आज फक्त लॅक्टोज, पुढच्या आठवड्यात फक्त लसणातलं फ्रुक्टान. तिसऱ्या पायरीत जे बाधलं नाही ते सगळं कायमचं ताटात परत येतं, आणि बाधणारं किती खाल्लं तर चालतं ते तुम्हाला कळलेलं असतं.

पहिल्या पायरीवर बरं वाटलं की लोक तिथेच मुक्काम ठोकतात. पण ही कर्बोदकं मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य आहेत. ती दीर्घकाळ तोडली की बिफिडोबॅक्टेरिया घटतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करा. ज्यांचं वजन आधीच कमी आहे, किंवा खाण्याची भीती, खाण्याचे विकार यांचा इतिहास आहे, त्यांनी हा नाद करू नये.

स्वयंपाकातला एक कामाचा मुद्दा: फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि फ्रुक्टान जातं. रश्श्यात शिजवून पाकळ्या काढल्या तर मात्र फायदा नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो.

हा सगळा खटाटोप आयबीएसमधली बरीचशी मंडळी करतात, पण त्याआधी साधे उपाय करून बघावेत असं माझं मत. वेळेवर जेवण, चहा-कॉफी आणि दारू आटोक्यात, घाईघाईत न गिळणं, आणि इसबगोल. इसबगोलासारखा विद्राव्य तंतू आयबीएसमध्ये उपयोगी पडतो. गव्हाचा कोंडा उलट फुगवतो.

‘सीलिअॅक गव्हाशिवाय बरा होतो’ हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

लंडनच्या सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि बरं व्हायचं तर आहारानेच, असं ओळखलं. पण कोणता आहार, हे त्यांना सापडलं नाही. त्यांचा एक बालरुग्ण डच शिंपल्यांवर छान सुधारला आणि शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा ढासळला. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं खरंच सुधारली, आणि केळ्यातच काही जादू आहे असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे केळी खाणारं मूल ब्रेड खात नव्हतं.

उलगडा केला नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. गव्हावर त्यांचा संशय १९३०च्या दशकापासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि तशातही सीलिअॅकच्या मुलांची प्रकृती सुधारली. ब्रेडचा पुरवठा परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंधात हे सविस्तर मांडलं. काढून बघा आणि परत देऊन बघा, या दोन पायऱ्या इतिहासाने त्यांच्यासमोर क्रूरपणे मांडल्या होत्या.

सीलिअॅक आहे. किती कडक पथ्य पाळायचं?

पूर्ण. याबाबतीत मी सवलत देणाऱ्यांच्या बाजूने नाही.

आकडे बघा. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग, तीन महिने पोटात गेलं तरी काही रुग्णांच्या अस्तराची हानी दिसली. १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालतं असं मानतात. ‘ग्लुटेन-फ्री’ लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठेवली आहे ती याच हिशेबाने. त्या मर्यादेतला पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्ला तरी १० मिलिग्रॅमच्या वर जात नाही.

म्हणून पदार्थात गहू नाही एवढं पुरत नाही. त्याच गिरणीत आधी गहू दळला होता का? त्याच तेलात ब्रेडचा चुरा लावलेलं काही तळलं का? पीठ लागलेला तोच चमचा बुडवला का? घरात इतर लोक गहू खात असतील तर टोस्टर, पीठ चाळायची चाळण आणि लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की झालं, त्यांचा वेगळा संच लागत नाही. हातात धरल्याने, कातडीला लागल्याने ग्लुटेन बाधत नाही, ते गिळलं गेलं तरच.

नावं फसवतात. रवा, मैदा, कुसकुस, बल्गर, स्पेल्ट, सेइतान (ग्लुटेनपासून केलेला मांसासारखा पदार्थ) हे सगळे गव्हाचेच. माल्ट बार्लीचं, म्हणून साधी बिअर बाद. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. उलट इंग्रजीत जिच्या नावात गहू आहे ती बकव्हीट गव्हाच्या कुळातली नाहीच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा, डाळी हे सगळं मुळातच ग्लुटेनमुक्त. ओट्सचं प्रकरण मधलं: गव्हाची भेसळ नसलेले, ग्लुटेन-फ्री लेबलचे ओट्स बहुतेकांना चालतात, मोजक्यांना त्यातल्या एव्हेनिन प्रथिनानेही त्रास होतो. सुरुवातीचे काही महिने टाळा, मग थोडे घेऊन बघा. आंबवलेल्या सावरडो ब्रेडमध्ये फ्रुक्टान कमी होतं, त्यामुळे आयबीएसवाल्याला तो बरा पडतो. सीलिअॅकवाल्याला नाही.

पथ्य पाळतोय, तरी त्रास थांबत नाही.

आधी वेळ किती झाला ते पाहा. पोट काही आठवड्यांत हलकं वाटतं, पण मोठ्यांमध्ये अस्तर भरून यायला सहा महिने ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतं.

त्यानंतरही त्रास असेल तर सगळ्यात सामान्य कारण नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. तेही नसेल तर लॅक्टोज, सोबतचा आयबीएस, स्वादुपिंडाची मंदी, लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, असे बरेच उमेदवार असतात. पथ्याला अजिबात दाद न देणारा सीलिअॅक दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे, आणि तो शोधणं विशेषज्ञाचं काम.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. ग्लुटेन सोडून औषधं बंद करता येतील?

नाही. हे दोन्ही आतड्याच्या खऱ्याखुऱ्या दाहाचे आजार आहेत. लक्षणं शांत असताना आतला दाह चालूच असू शकतो. ग्लुटेन सोडल्याने तो थांबतो, याला भक्कम पुरावा नाही. औषध स्वतःच्या मनाने सोडलेले रुग्ण पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर भेटतात.

पण ‘आहाराचा काही संबंध नाही, काहीही खा’ हेही जुनाट उत्तर आहे. मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रवआहार देणं हा मान्य उपचार आहे, आणि तो स्टेरॉइडच्या तोडीने दाह शमवतो. मोठ्यांच्या क्रोन्समध्ये अतिशय काटेकोर असा ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट’ आहार आणि साधा भूमध्यसागरी पद्धतीचा आहार यांची १९४ जणांत तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच ठरले. मग सोपा, पोषक आणि चारचौघांत खाता येणारा आहार कोणता, ते तुम्हीच ठरवा.

आतडं कुठे अरुंद झालं असेल तर चिवट तंतू, बिया, साली यांनी ते तुंबू शकतं. तेव्हा भाज्या मऊ शिजवून, गाळून. तसं नसेल तर तंतूंना घाबरून भाज्या-फळं कायमची सोडू नका. लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं असेल तर बी१२ मोजत राहा, कारण ते तिथेच शोषलं जातं. आणि दाह शांत असूनही पोट फुगत-दुखत असेल तर सोबत आयबीएस असू शकतो, तेव्हा वर सांगितलेला फॉडमॅपचा मार्ग आहारतज्ज्ञाबरोबर आजमावता येतो.

काही त्रास नाही, पण तब्येतीसाठी ग्लुटेन-फ्री व्हावं का?

काही फायदा नाही. पाकिटातल्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांत आणि ब्रेडमध्ये बरेचदा तंतू कमी आणि साखर-चरबी जास्त असते. वजन उतरतं ते बिस्किटं सुटली म्हणून.

कधी आहाराचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं?

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अॅनिमिया, गिळताना अडकणं, मुलाची वाढ खुंटणं, पन्नाशीच्या आसपास नव्यानेच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. यांतलं एकही असेल तर वही-पेन, पदार्थांच्या याद्या सगळं बाजूला ठेवा.

ग्लुटेन पचवणाऱ्या गोळ्या मिळतात. बाहेर जेवताना एक घेतली तर?

दुकानात मिळणारी ही एन्झाइम्स जठरातल्या आम्लात आणि भरल्या पोटात पुरेसं काम करतात याचा भरवसा नाही. सीलिअॅकमध्ये आहाराची जागा घेणारं मान्यताप्राप्त औषध आजवर आलेलं नाही, प्रयोग मात्र जोरात चालू आहेत. तोपर्यंत मी बाहेर जाताना डब्यात भात-भाजी नेते आणि यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगते. ‘पथ्य आहे’ म्हटलं की लोक आग्रह करतात. ‘खाल्लं तर आतडं सोलवटतं’ म्हटलं की करत नाहीत.